आकाशातील काट्याची पडताळणी

गावच्या बाजारात धान्य तोलणाऱ्या काट्यावर एक शिक्का असतो. वैधमापन विभागाचा निरीक्षक ठरावीक मुदतीने काटा तपासतो. आपल्याजवळची प्रमाणित वजने ठेवून पाहतो आणि काटा खरे बोलत असेल तरच तो शिक्का उमटतो. निरीक्षकाची वजनेही कुणीतरी तपासलेली असतात, त्या तपासणाऱ्याची वजने त्याहून अचूक वजनांशी ताडलेली असतात, आणि ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचते. शेतकऱ्यास ही साखळी ठाऊक असो वा नसो, त्याच्या पोत्यातील तुरीचा दाम तिच्यावर उभा असतो.

तीच तूर आता आणखी एका काट्यावर तोलली जाते, आणि तीही शेतात उभी असतानाच. हा काटा जमिनीपासून सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतो आणि पिकावरून परतणारा सूर्यप्रकाश मोजतो. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाच्या आकड्यांबरोबर उपग्रहांवरून काढलेल्या वनस्पती निर्देशांकासही स्थान दिलेले आहे. मराठवाड्यात किंवा विदर्भात पावसाने ओढ दिली की एखाद्या तालुक्यात दुष्काळ जाहीर व्हावा की नाही, या निर्णयात त्या आकड्याचा वाटा असतो. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोरडवाहू शेती आहे, त्यांना या वाटय़ाचे महत्त्व सांगावे लागणार नाही. अडचण एवढीच की एकदा वर गेलेला काटा खाली आणता येत नाही आणि निरीक्षकास वर पाठवता येत नाही. मग त्याच्यावर शिक्का कोण मारतो?

प्रथम मोजले काय जाते ते पाहू. हिरवे पान अन्ननिर्मितीसाठी तांबडा प्रकाश शोषून घेते. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मात्र ते भरपूर परतवते. वाळलेल्या पिकात किंवा उघड्या जमिनीत हा फरक कमी होतो. म्हणून उपग्रहावरील संवेदक हे दोन्ही प्रकाश वेगवेगळे मोजतो. त्यांच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. समजा, पडलेल्या १०० भाग प्रकाशापैकी पिकाने ४० भाग अवरक्त आणि १० भाग तांबडा परतवला. वजाबाकी ३०, बेरीज ५०, निर्देशांक ०.६०. पीक उत्तम आहे.

आता अवरक्त प्रकाश मोजणारा भाग एक दशांशाने मंद झाला असे समजा. तो ४० ऐवजी ३६ सांगेल. वजाबाकी २६, बेरीज ४६, निर्देशांक ०.५७. शेतात पानही हललेले नाही, तरी कागदावर पीक सुकले. उलट तांबडा भाग मंद झाला आणि १० ऐवजी ९ सांगू लागला, तर निर्देशांक ०.६३ येतो. पहिल्या चुकीत नसलेला दुष्काळ दिसतो, दुसरीत असलेला दुष्काळ झाकला जातो. शिवाय ही मंदी एका रात्रीत येत नाही. वर्षाला एखादा टक्का, कधी त्याहूनही कमी, अशी ती सरकत राहते आणि हवामान बदलाची खूणही नेमकी एवढीच बारीक असते. पृथ्वी बदलली की पाहणारा डोळा बदलला, हे वेगळे काढण्याच्या शास्त्रास अंशशोधन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हाती घेण्यापूर्वी त्याचा शून्यांक दोष काढल्याचे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. हे काम त्याच जातीचे. फरक इतकाच की येथे कॅलिपरला हात लावता येत नाही.

उड्डाणापूर्वीची तपासणी तुलनेने सोपी असते. आतून शुभ्र लेप दिलेल्या एका मोठ्या पोकळ गोलात दिवे लावतात. प्रकाश आतल्या आत असंख्य वेळा परावर्तित होतो आणि गोलाच्या तोंडातून अगदी एकसारखा बाहेर पडतो. त्याची तीव्रता राष्ट्रीय प्रमाणांशी ताडून आधीच ठरवलेली असते. संवेदक त्या तोंडासमोर ठेवायचा आणि किती प्रकाशास तो किती आकडा देतो याची नोंद करायची. हा झाला काट्यावरचा पहिला शिक्का.

परंतु तो शिक्का प्रक्षेपणाच्या दिवसापुरताच खरा. उड्डाणाचे हादरे बसतात. निर्वात पोकळीत उपग्रहाच्याच रंगांतून आणि चिकट द्रव्यांतून वाफा निघतात व थंड भिंगांवर बसतात. वातावरणाचे पांघरूण नसल्यामुळे सूर्याचे अतिनील किरण थेट आरशांवर पडतात. ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेने सुओमी एनपीपी हा उपग्रह सोडला. त्यावरील व्हिअर्स या उपकरणाची निकट-अवरक्त दृष्टी पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने मंदावू लागली. शोध घेता जमिनीवर जपून ठेवलेल्या नमुना-आरशांवर उत्तर सापडले. आरशांना लेप देताना त्यात टंगस्टनचा अंश मिसळला गेला होता. जमिनीवर तो निरुपद्रवी होता. अवकाशातील अतिनील प्रकाशात मात्र तो काळवंडत गेला. कारण कळल्यामुळे पुढे ही घट कशी मंदावत जाईल याचाही अंदाज बांधता आला, आणि त्या उपकरणाचे आकडे दुरुस्त करून वापरता आले. आरसे अर्थातच काळवंडलेलेच राहिले. अंशशोधन यंत्र दुरुस्त करत नाही, ते यंत्राच्या बोलण्यातील खोट किती हे सांगते.

ही घट लक्षात आली ती उपग्रहासोबत पाठवलेल्या एका पांढऱ्या पाटीमुळे. अनेक आधुनिक उपग्रहांवर अशी पाटी असते. ती स्पेक्ट्रालॉन नावाच्या पदार्थाची असते. न चिकटणाऱ्या तव्यावरील टेफ्लॉनचा हा भाऊबंदच. दृश्य प्रकाशाचा सुमारे ९९ टक्के भाग तो परतवतो आणि चहूकडे जवळजवळ सारखा पसरवतो. उपग्रह ध्रुवाजवळून जात असता ठरावीक वेळी सूर्यप्रकाश या पाटीवर पाडतात आणि संवेदक तिच्याकडे पाहतो. यातील खुबी अशी की पाटीवर पडणारा सूर्य आणि शेतावर पडणारा सूर्य एकच. म्हणून शेताच्या प्रकाशास पाटीच्या प्रकाशाने भागले की सूर्याची स्वतःची तीव्रता हिशेबातून निघून जाते आणि पाटीच्या तुलनेत शेत किती उजळ, एवढेच उरते. दुकानदार पारड्यात समोर वजन ठेवतो, तसेच हे.

मात्र वजनच झिजले तर? अतिनील किरणांनी पांढरी पाटीही हळूहळू पिवळसर होते. निळ्या प्रकाशात ती अधिक मंदावते, तांबड्यात कमी. अमेरिकेच्या टेरा उपग्रहावरील मोडिस या उपकरणात त्यासाठी पाटीवर नजर ठेवणारे आणखी एक छोटे उपकरण बसवले आहे. ते एकदा छिद्रांच्या जाळीतून मंद केलेल्या सूर्याकडे पाहते, एकदा पाटीकडे पाहते, आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून पाटी किती झिजली ते सांगते. टेरा डिसेंबर १९९९ मध्ये गेला. पाटीपुढे एक दार होते. काम नसताना ते बंद ठेवून पाटी जपायची, अशी योजना होती. मे २००३ मध्ये त्या दारात बिघाड झाला. दार ऐन वेळी बंद अवस्थेत अडकले तर पाटी कायमची हातची जाईल, म्हणून ते कायमचे उघडे ठेवण्याचा निर्णय झाला. तेव्हापासून टेराची पाटी अधिक ऊन खात आहे आणि त्याच बनावटीचे मोडिस असलेल्या ॲक्वा उपग्रहाच्या पाटीहून ती कितीतरी वेगाने झिजली आहे. लँडसॅट ८ या २०१३ च्या उपग्रहावर तर दोन पाट्या ठेवल्या आहेत. एक नेहमीच्या कामाची. दुसरी पाहुण्यांसाठी कपाटात जपलेल्या कपबशांसारखी, सहा महिन्यांतून एकदा काढायची आणि नेहमीची किती मळली ते तिच्याशी ताडून पाहायचे.

येथवर आल्यावर वाचकाच्या मनात एक शंका येईल. पाटीवर पहारेकरी, तर पहारेकऱ्यावर कोण? शंका रास्त आहे. उपग्रहावर नेलेली कोणतीही वस्तू उपग्रहाबरोबरच जुनी होते. म्हणून साक्षीदार बाहेरचा हवा, आणि तो तिन्हीत्रिकाळ तसाच राहणारा हवा.

असा साक्षीदार आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, गवत नाही, ढग नाही. त्याच्या पृष्ठभागाची प्रकाश परतवण्याची क्षमता वर्षाला साधारण दहा कोटींत एक भाग एवढीच बदलू शकते, असा अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे ह्यू कीफर यांचा १९९७ मधील निष्कर्ष आहे. मानवाने घडवलेल्या कोणत्याही पाटीस हे जमणारे नाही. चंद्र इतका शुभ्र दिसत असला तरी प्रत्यक्षात तो जुन्या डांबरी रस्त्याइतकाच काळसर आहे. पडलेल्या प्रकाशाचा सुमारे आठवा भाग तो परतवतो. हेही सोयीचेच, कारण त्याची उजळी पृथ्वीवरील जमिनीच्या उजळीशी मिळतीजुळती पडते आणि संवेदकाचे डोळे दिपत नाहीत.

चंद्राचा पृष्ठभाग स्थिर असला तरी त्याचे दर्शन स्थिर नाही. कला रोज बदलते. सूर्यापासूनचे आणि आपल्यापासूनचे त्याचे अंतर बदलते. शिवाय तो किंचित डोलतो, त्यामुळे काळे सपाट प्रदेश आणि उजळ डोंगराळ प्रदेश कडेने कधी थोडे अधिक दिसतात, कधी कमी. म्हणून ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ येथे कीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ चंद्र आणि तारे पाहणारी एक स्वयंचलित वेधशाळा उभारली. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००३ पर्यंत तिने ३२ वेगवेगळ्या तरंगलांबींत चंद्राच्या हजारो प्रतिमा टिपल्या. त्यांवरून असे गणित तयार झाले की कोणत्याही क्षणी, कोणत्याही ठिकाणाहून चंद्र किती उजळ दिसावा हे सांगता येते. चंद्राच्या उपासनेचे प्रकार जगात पुष्कळ आहेत. इतकी वर्षे नेमाने त्याची उजळी टिपून ठेवणे हा मला त्यांतला सर्वांत उपयुक्त प्रकार वाटतो.

या गणिताचा खरा कस लागला तो सीविफ्स या संवेदकाच्या बाबतीत. ऑगस्ट १९९७ ते डिसेंबर २०१० या काळात त्याने समुद्राचा रंग मोजला. दर महिन्यास पौर्णिमेच्या सुमारास संपूर्ण उपग्रह पृथ्वीकडे पाठ करून चंद्राकडे वळवला जाई, चंद्राचे मोजमाप घेतले जाई आणि पुन्हा तो समुद्राकडे तोंड करी. तेरा वर्षांत त्याचे निकट-अवरक्त पट्टे बरेच मंदावले. पण चंद्राच्या मासिक नोंदींमुळे ती मंदी इतक्या बारकाईने मोजता आली की त्याची समुद्राविषयीची नोंद आजही आदर्श मानली जाते. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. चंद्र बदलत नाही हे आपण फार अचूक जाणतो. तो नेमका किती उजळ आहे हे तितके अचूक जाणत नाही. संवेदक गेल्या वर्षीपेक्षा किती मंदावला हे चंद्र सांगतो, मुळात किती खरा होता हे सांगताना त्याची जीभ अडखळते.

आता पाटी आणि चंद्र असे दोन साक्षीदार मिळाल्यावर टेराचा प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही. मोडिसमध्ये एक फिरता आरसा आहे आणि तो पृथ्वीकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निरनिराळ्या कोनांतून पाहतो. पाटी आणि चंद्र मात्र त्यास दोन ठरावीक कोनांतूनच दिसतात. आरसा प्रत्येक कोनात सारखा झिजला असता तर हे पुरले असते. तो तसा झिजला नाही, विशेषतः निळ्या प्रकाशात. निळ्या प्रकाशाच्या मोजमापावरून हवेतील धूळ आणि धूर यांचा अंदाज घेऊन तो वजा करतात. त्यामुळे निळ्यातील खोट अखेर वनस्पती निर्देशांकात उतरली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने टेरा आणि ॲक्वा यांचे २००२ ते २०१० चे उत्तर अमेरिकेचे आकडे शेजारी मांडले. टेराच्या म्हणण्यानुसार १७.४ टक्के प्रदेशात हिरवळ घटत होती, ॲक्वाच्या म्हणण्यानुसार ६.७ टक्के. जमीन तीच, वर्षे तीच, उपकरणाची बनावट तीच. फरकाचा मोठा भाग हिरवळीत नव्हता, आरशात होता.

यातून वाट काढली ती वाळवंटाने. वाळवंटाचा हा उपयोग जुना आहे. १९८० च्या दशकापासून हिरवळीची जागतिक नोंद अमेरिकी हवामान उपग्रहांवरील एव्हीएचआरआर या संवेदकाने ठेवली, आणि भारतातील दुष्काळाचे उपग्रहाधारित मूल्यमापन १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले तेही त्याच्याच आकड्यांवर. त्या संवेदकावर परावर्तित प्रकाशासाठी पाटी नव्हती, दिवा नव्हता, काहीच नव्हते. तेव्हा शास्त्रज्ञांनी लिबियाच्या वाळवंटाचा आधार घेतला. तेथे पाऊस जवळजवळ नाही, ढग विरळ, वनस्पती नाही, वाळू उजळ आणि मैलोन्मैल सारखी. आज ‘लिबिया ४’ या नावाने ओळखला जाणारा तेथील एक पट्टा जगभरचे उपग्रह नेमाने पाहतात. वाळवंट उपग्रहास सर्व कोनांतून दिसते, म्हणून पाटी आणि चंद्र जे सांगू शकत नव्हते ते त्याने सांगितले. वाळवंटाच्या साक्षीसह मोडिसच्या साऱ्या जुन्या नोंदी पुन्हा हिशेबात घेण्यात आल्या आणि त्यांची सहावी आवृत्ती निघाली. अर्थात वाळवंटही निर्दोष नाही. टेकाडांच्या सावल्या ऋतूनुसार लांबतात, आकाशात धूळ उठते. चंद्रापुढे तो कच्चा साक्षीदार. पण कच्चा असूनही वेगळ्या जागेवरून पाहणारा.

काही ठिकाणी तर माणूस स्वतः पायी चालत जातो. अमेरिकेतील नेवाडा राज्यात रेलरोड व्हॅली नावाचे कोरडे सरोवर आहे. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळी ॲरिझोना विद्यापीठाचे संशोधक हाती वर्णपटमापक घेऊन त्याच्या पांढुरक्या तळावर ओळीने येरझारा घालतात आणि जमिनीवरूनच परावर्तन मोजतात. हवेतील धुळीचे आणि बाष्पाचे मोजमापही त्याच वेळी घेतले जाते. मग वर काय दिसायला हवे होते याचे गणित मांडून प्रत्यक्ष आकड्याशी ताडतात. आपल्याकडे भारतीय अवकाश संशोधन संस्थेने याच कामासाठी कच्छचे रण वापरले आहे.

समुद्राचा मामला अधिक नाजूक आहे. समुद्राकडे पाहणाऱ्या संवेदकापर्यंत जो प्रकाश पोहोचतो त्याचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याचा नसतोच, तो हवेने विखुरलेला असतो. त्यामुळे एकूण मोजमापात एक टक्का चूक झाली तर पाण्याच्या वाट्यास ती दहा टक्के येते. येथे पाटीची अचूकता पुरत नाही. हवाई बेटांपैकी लानाई बेटाजवळच्या स्वच्छ, निळ्या पाण्यात १९९७ पासून मोबी नावाचा एक प्रकाशमापक तराफा तरंगत आहे. पाण्यातून वर येणारा प्रकाश तो पाण्यातच मोजतो आणि जगातील बहुतेक समुद्ररंग-संवेदकांचा अखेरचा हिशेब त्याच्याशी जुळवला जातो. आपल्या ओशनसॅट मालिकेसाठी अरबी समुद्रात लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटाजवळ असे केंद्र आहे. त्याचा आपल्याशी संबंध दूरचा नाही. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था समुद्राच्या रंगावरून हरितद्रव्याचा आणि त्यावरून माशांच्या संभाव्य जागांचा अंदाज मच्छीमारांना देते. हा सल्ला मराठीतूनही मिळतो. रायगड-रत्नागिरीच्या बंदरातून नाव कुठे हाकावी आणि किती डिझेल जाळावे, याचा संबंध अशा रीतीने तराफ्यावरील एका भिंगाशी येतो.

जुने आकडे पुन्हा हिशेबून बदलले जातात, हे ऐकून पुष्कळांना संशय येतो. दहा वर्षांपूर्वी एक सांगितले, आज दुसरे. मग खरे काय मानायचे? माझ्या मते हा संशय उलट्या बाजूने घ्यायला हवा. ज्या नोंदीची कधीच दुरुस्ती झालेली नाही, तिच्याबद्दल अधिक काळजी वाटली पाहिजे. तिच्या मंदीचे मोजमाप कुणी घेतलेले नसते. अट एकच. दुरुस्ती उघडपणे व्हावी, तिचे कारण लिहिलेले असावे, आणि जुनी आवृत्ती कोणती व नवी कोणती हे प्रत्येक आकड्याबरोबर सांगितलेले असावे. टेराच्या बाबतीत चूक उघडकीस आली, कारण दोन उपग्रहांचे आकडे सर्वांसाठी खुले होते आणि ज्याला हवे त्याला ते शेजारी मांडता आले. लँडसॅट ८ चे उत्तराधिकारी लँडसॅट ९ सप्टेंबर २०२१ मध्ये गेले, तेव्हा आपल्या जागी पोहोचण्यापूर्वी नोव्हेंबरात ते काही दिवस लँडसॅट ८ च्या खालून गेले. दोघांनी तीच जमीन जवळजवळ त्याच क्षणी पाहिली. थोरल्याचे माप धाकट्याने घेतले आणि मगच पाळी सुरू झाली.

यापुढची कल्पना आणखी धाडसी आहे. प्रयोगशाळेतील मूळ प्रमाणच उपग्रहावर चढवायचे. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘ट्रुथ्स’ या नियोजित मोहिमेत अतिशीत तापमानास ठेवलेली एक काळी पोकळी असेल. तिच्यात शिरलेला प्रकाश तिला किंचित तापवतो. तेवढेच तापमान विजेच्या प्रवाहाने गाठायला किती वीज लागते ते मोजले की प्रकाशाचे मोल विजेच्या मापात मिळते. वीज आपण फार अचूक मोजू शकतो. ही मोहीम यशस्वी झाली तर इतर उपग्रह तिच्या मार्गाखालील जमीन पाहून आपापला काटा जुळवून घेतील, आणि निरीक्षकास वर पाठवता येत नाही, हे या लेखाच्या आरंभीचे विधान मागे घ्यावे लागेल.

तोपर्यंत तालुक्याच्या बैठकीत कुणी पिकांच्या हिरवळीचा रंगीत नकाशा भिंतीवर दाखवला, तर त्याच्या खालच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरे जरूर वाचावीत. उपग्रह कोणता, संवेदक कोणता, नोंदीची आवृत्ती कोणती आणि तुलना ज्या वर्षांशी केली आहे ती वर्षेही त्याच आवृत्तीतील आहेत का. हे चार प्रश्न विचारण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही.